नव्या टीव्हीचं चित्र जुळवताना

गणपतीला मुंबईकर यायच्या आत नवा टीव्ही भिंतीवर चढावा, अशी रत्नागिरीत बऱ्याच घरांत घाई असते. प्लाझ्मा आता दुकानात मिळत नाही. त्याचं उत्पादन थांबवत असल्याचं पॅनासोनिकने 2013 मध्येच जाहीर केलं होतं. पण घरातला जुना प्लाझ्मा असो की नवा एलईडी, चित्र जुळवायची रीत तीच.

त्याआधी, भिंत जांभ्या चिऱ्याची असेल तर लांब प्लग घ्या आणि भोक चिऱ्याच्या मधोमध पाडा, सांध्यात नको. जांभा भुसभुशीत, आखूड स्क्रू सैल होतो.

आता चित्र. दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून टीव्ही बहुधा ‘विव्हिड’वर असतो. घरी तो ‘सिनेमा’वर आणा. सुरुवातीला पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो. ब्राइटनेस बहुतेक टीव्हींत काळ्या रंगाची खोली ठरवतो. रात्रीचा प्रसंग लावा. काळ्या केसांतल्या बटा दिसू लागल्या की थांबा, नाहीतर काळा राखाडी होतो. कॉन्ट्रास्टला कसोटी सामना उत्तम: पांढऱ्या शर्टाच्या चुण्या दिसायला हव्यात. शार्पनेस अगदी कमी, एरवी अक्षरांभोवती पांढरी कड येते. हे सगळं दिवेलागणीनंतर करा, दुपारच्या उन्हात नव्हे.

आणि विजा कडाडण्याची चिन्हं दिसली की रिमोटवर विसंबू नका. स्टॅबिलायझरचंही तिथे काही चालत नाही. प्लग काढाच, सोबत डिशची वायरही.