कण, राळ आणि दाब



जुन्या वाड्याची भिंत पाडताना मजुराची पहार पुष्कळदा विटेपेक्षा चुन्यावरच अडते. नुसता चुना एवढा कणखर नसतो. त्यात वाळू आणि सुरखी घाणीत मळून एकजीव केलेली असते. नरम द्रव्यात कठीण कण घालून त्याला भार सोसावयास लावण्याची ही युक्ती फार जुनी आहे. विसाव्या शतकाने चुन्याच्या जागी प्लास्टिकची राळ आणली. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली सिद्ध केलेली बेकेलाइटची राळ मुळात ठिसूळ होती. लाकडाची पूड मिसळल्यावर ती विजेच्या बटणांसारख्या वस्तूंना उपयोगी ठरली.

या कुळातील सर्वांत निकटचे उदाहरण माणसाच्या मुखात सापडते. किडलेली दाढ ज्या पांढऱ्या द्रव्याने भरतात, त्याच्या वजनात सामान्यतः सत्तर ते ऐंशी टक्के काचेची वा सिलिकाची सूक्ष्म पूड असते. उरलेली राळ निळ्या प्रकाशाने काही सेकंदांत घट्ट होते. पुडीमुळे ती दाबाखाली कमी चेपते, कमी झिजते आणि घट्ट होताना कमी आकसते.

मात्र नुसती पूड मिसळून हे साधत नाही. राळेची पकड नसेल, तर कण तिच्यात आधाराऐवजी पोकळीसारखा वागतो. अमेरिकन संशोधक राफेल बोवेन यांनी हे मर्म ओळखले. १९६२ साली पेटंट मिळालेल्या त्यांच्या मिश्रणात सिलिकाच्या कणांवर सिलेनचा लेप होता. सिलेनच्या रेणूचे एक टोक काचेशी जुळते, दुसरे राळेशी. दोन्ही घरांशी सोयरीक असलेला हा मध्यस्थच भार राळेकडून कणाकडे पोहोचवतो.

येथे दाबाचे एक कोडे उभे राहते. वरून दाबलेला पदार्थ बाजूंना फुगू पाहतो. राळ अधिक फुगते, कठीण कण जवळजवळ फुगत नाही. त्यामुळे दाब वरून असला, तरी कणाच्या कडेला राळ त्याच्यापासून सुटू पाहते. म्हणजे दाबाच्या पोटातच ताण दडलेला असतो, आणि चीर बहुधा तेथूनच निघते.

दंतभरणाचे असे द्रव्य सुमारे २५० ते ३५० मेगापास्कल दाब सोसते. एक मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरवर सुमारे दहा किलो भार. ताणात मात्र ते याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यातच तुटते. म्हणून केवळ दाबाच्या आकड्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे. आयएसओ ४०४९ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रकाशाने घट्ट होणारे, चर्वणाच्या पृष्ठभागावरील द्रव्य वाकवून पाहते आणि किमान ८० मेगापास्कलची अपेक्षा ठेवते. वाकणाऱ्या कांबीची खालची बाजू ताणली जाते, आणि द्रव्याचे दुबळेपण तेथेच उघडे पडते.

शिवाय मुख सदैव ओले. राळ हळूहळू पाणी शोषते, आणि तेच पाणी कण व सिलेन यांची जोड वर्षानुवर्षे सैल करीत राहते. नव्या भरणाची कसोटी प्रयोगशाळेत एका दिवसात आटोपते. दाढेची कसोटी रोजच्या प्रत्येक घासाला चालू असते.

जाणता गवंडी वीट रचण्याआधी पाण्यात भिजवून घेतो, कारण कोरडी वीट चुन्यातले पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो. वीट कितीही पक्की असली, तरी भिंत सांध्यावर उभी असते. काचेच्या सूक्ष्म कणांनी भरलेल्या राळेलाही हाच न्याय लागू आहे.