आमचा पहिला थरारपट : भीती कुणाची?

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आमच्या पहिल्या सिनेमाबद्दल बोलायला मला इथं बोलावलंय. मी भंडारा जिल्ह्यातल्या, मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावची. कोशाच्या कापडासाठी आमचं गाव ओळखलं जातं. माग आता पूर्वीइतके राहिले नाहीत, तरी काही घरांतून धोट्याची खटखट अजून ऐकू येते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही सात जणांनी, म्हणजे पाच मुली आणि दोन मुलांनी, चौदा मिनिटांचा थरारपट केला. कॅमेरा म्हणजे एका मैत्रिणीचा मोबाईल.

थरारपटच कशाला, असं काही जणींनी विचारलं. आपल्या चळवळीनं पथनाट्यं केली, १९८३ साली आलेलं 'मुलगी झाली हो' गावोगाव पोचलं. पण आमच्या वयाची पोरं-पोरी आज मोबाईलवर खुनाच्या, पाठलागाच्या गोष्टी बघतात. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्या आवडीच्या वाटेनं जावं, असं आम्ही ठरवलं.

पहिली कथा गटातल्या एका मुलानं लिहून आणली. तलावाच्या काठी एका पोरीचं प्रेत सापडतं आणि शहरातला हुशार इन्स्पेक्टर खुनी शोधून काढतो. प्रेताचं काम जिला दिलं होतं तिनं विचारलं, "मरायच्या आधी मी कोण होते, हे कुठं लिहिलंय?" कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्या प्रश्नावर आम्ही दोन संध्याकाळी वाद घातला.

हा प्रश्न एकट्या आमच्या कथेचा नाही. हिचकॉकच्या १९६० सालच्या 'सायको'मध्ये नायिका अर्ध्या वाटेवरच मारली जाते, आणि न्हाणीघरातला तो प्रसंग जगभरच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवला जातो. लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९७५ साली आपल्या निबंधात दाखवलं की रूढ सिनेमात पुरुष बघतो आणि बाई बघितली जाते. प्रेक्षकालाही त्या पुरुषाच्याच डोळ्यांनी बघायला बसवलं जातं. थरारपटात हे फार सोपं असतं. कॅमेरा पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यावर ठेवला की झालं.

आम्ही प्रेत काढून टाकलं. नवी कथा अशी : मुलगी शेवटच्या बसनं उतरते, एक जण मागं लागतो, तिला घरापर्यंत पोचायचं आहे. तालमीसाठी एका संध्याकाळी आमची मैत्रीण गल्लीतून चालत गेली आणि आमचा मित्र वीस पावलं मागून. तीन घरांतून तिला हाक आली. "कुठं गेली होतीस वं?" "एवढा उशीर काऊन?" "मायले सांगू का?" मागून येणाऱ्या मुलाला कुणी एक शब्द विचारला नाही. आमच्या कथेचा गाभा आम्हाला तिथं सापडला.

मग आम्ही कॅमेरा मुलाकडून काढला आणि दारांकडे वळवला. सिनेमात मुलगी चालत असते, घराघरांतून मागाचा आवाज येत असतो. ती जवळ आली की त्या घरातला आवाज थांबतो. म्हणजे आतल्या माणसांनी ऐकलंय, बघितलंय. ती पुढं गेली की आवाज पुन्हा सुरू. पार्श्वसंगीत दुसरं काही नाही. मागून येणाऱ्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही, कारण गावाला तो माहीतच आहे.

चित्रीकरणाला रात्र हवी होती, आणि आम्हा मुलींना सातनंतर बाहेर पडायची मुभा नव्हती. चार जणींच्या आया सोबत आल्या तेव्हा कुठं काम सुरू झालं. एकीनं बॅटरी धरली, एकीनं कुत्री हाकलली. एका मावशींना आम्ही कामच दिलं : शेवटी दार उघडणारी बाई. वाक्य लिहिलं होतं, "कुठं होतीस एवढ्या रात्री?" मावशी म्हणाल्या, "हे तं सारेच विचारतात. मी नाही म्हणत." त्या नुसतं "ये आत" म्हणाल्या. तेच ठेवलं.

मैत्रिणींनो, आमच्या तालुक्याचं नाव तुम्ही वेगळ्या कारणानं ऐकलं आहे. खैरलांजी मोहाडी तालुक्यातलंच. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथं सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियांका आणि रोशन व सुधीर ही मुलं, असं एका दलित कुटुंबातल्या चौघांना जमावानं ठार मारलं. मारहाणीच्या एका प्रकरणात सुरेखाबाई साक्षीला उभ्या राहिल्या होत्या. त्यातले आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटले होते. गुन्हा नोंदला गेला तो आंधळगावच्या ठाण्यात. भंडाऱ्याच्या न्यायालयानं २००८ साली आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी दिली. २०१० साली नागपूर खंडपीठानं ती शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासावर आणली. ॲट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ साली वारले. आम्ही सगळे तेव्हा पाळण्यात किंवा जन्मायचे होतो. ती घटना आम्ही सिनेमात घेतली नाही. तिचा थरार करायचा अधिकार आम्हाला नाही. पण 'खुनी कोण' हे कोडं तिथं कधी नव्हतंच. भर वस्तीत घडलं होतं. किती जणांना माहीत होतं आणि किती दारं बंद राहिली, हा प्रश्न होता. तो प्रश्न माहीत असताना खोट्या प्रेताभोवती कोडं रचायला हात धजत नाही.

एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, "यात खून कुठं आहे?" गावात मात्र सिनेमा संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका मुलीनं विचारलं, "नुसतं मागं येणं हा गुन्हा असतो का?" असतो. बाई नको म्हणत असताना तिचा वारंवार पाठलाग करणं २०१३ सालापासून गुन्हा आहे. नव्या न्याय संहितेत ते कलम ७८. घटना कुठल्याही हद्दीतली असो, जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते, हे १ जुलै २०२४ पासून कायद्यातच आलं आहे. आता सिनेमानंतर एवढं आम्ही दर वेळी सांगतो.

आपापल्या गावात असा सिनेमा करायचा असेल तर आधी एक तालीम करा. संध्याकाळी गल्लीतून एक मुलगी आणि तिच्यामागं एक मुलगा चालवा. कोण कुणाला काय विचारतं ते वहीत लिहून काढा, आणि ती वही घेऊन मुलींच्या आयांबरोबर बसा. कथा त्यानंतर लिहा.