परांचीसकट प्राग



प्रागला जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे चार्ल्स पुलावरून काढलेला एक फोटो असतोच: पुतळ्यांची रांग, टेकडीवरचा किल्ला, त्यातून वर आलेले सेंट व्हीटस कॅथेड्रलचे मनोरे. सुंदरच दिसतं ते. सकाळी लवकर गेलात तर सूर्य पाठीशी असतो, किल्ला उजळतो आणि गर्दीही नसते. पण या फोटोत प्राग कधीच बांधून संपलेलं वाटतं. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

या कॅथेड्रलचा पाया १३४४ साली घातला गेला आणि ते पूर्ण झालं १९२९ साली. मधली कित्येक शतकं काम ठप्पच होतं. अगदी शेवटच्या टप्प्यात, १९२४ पासून, योसेफ सुदेक कॅमेरा घेऊन तिथे जात राहिला. शिक्षणाने तो पुस्तकबांधणी करणारा. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, तो धंदा सुटला आणि छायाचित्रण हाच व्यवसाय झाला. उंच कमानींखाली त्याने काय टिपलं? दगडांचे ढीग, फळ्या, कामगारांची अवजारं आणि त्यांच्यावर तिरका उतरलेला उजेड. त्यातली १५ छायाचित्रं १९२८ साली संग्रहरूपाने निघाली. देवळाची भव्यता त्या राडारोड्यामुळेच कळते, असं मला ती पाहताना दर वेळी वाटतं.

उजेडासाठी तो तासन् तास थांबे. त्याची सहायक सोन्या बुलाटी हिने एक आठवण सांगितली आहे. कॅथेड्रलच्या एका अंधाऱ्या दालनात कॅमेरा लावून दोघं बसले होते. उन्हाची तिरीप आत आली मात्र, सुदेक ताडकन उठला आणि दोघं फडकी झटकून धूळ उडवू लागले. धुळीशिवाय किरण दिसणार कसा!

पुढे त्याने जुन्या कोडॅक पॅनोरमा कॅमेऱ्यावर, १० बाय ३० सेंटिमीटरच्या आडव्या पट्टीत, सगळं प्राग घेतलं. त्याचं पुस्तक १९५९ साली निघालं, त्यात २८४ छायाचित्रं आहेत. त्यांत किल्ला आहे, तशाच शहर विरळ होत जातं तिथल्या ओसाड जागाही आहेत.

म्हणून सांगतो, परांची दिसली की कॅमेरा पिशवीत घालू नका. चार्ल्स पुलाचाही वालुकाश्म काजळीने आणि पावसाने झिजतो. तिथले बरेचसे मूळ पुतळे केव्हाच संग्रहालयांत हलवले गेलेत, आपण पाहतो त्या प्रतिकृती. कुणीतरी त्या घडवल्या, कुणीतरी त्या आजही सांभाळतं आहे. परांचीवरच्या कारागिराला काय चाललंय ते विचारा, त्याची हरकत नसेल तर त्याचा हातात छिन्नी असलेला फोटो घ्या. आणि फोटोखाली जागा, तारीख आणि तो काय दुरुस्त करत होता, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा.