चार हप्ते आणि एक पावती



खडेबाजारात बोलायचे तर भावापासून आरंभ केलेला बरा. पाण्यात वीज सोडली की एका टोकाला हायड्रोजन व दुसऱ्या टोकाला प्राणवायू निघतो, हे आपण शाळेत शिकलो. 2023 साली भारत सरकारने हरित हायड्रोजनची मोहीम मंजूर केली. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन, असे तिचे उद्दिष्ट. परंतु घोडे अडते ते प्राणवायूच्या टोकाला. आम्लधर्मी पडद्याच्या यंत्रात तेथे इरिडियम लागते, आणि साऱ्या जगात ते वर्षाकाठी जेमतेम 7-8 टन निघते!

आता निपाणीच्या शिवारातले तंबाखूचे पान घ्या. तेही पाणी फोडते. त्याला पुरतात मँगनीजचे चार अणू व कॅल्शियमचा एक. मँगनीज आपल्याकडे भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्ग खाणीत निघते; बॅटरीच्या सेलात जाते तेच.

पान हे साधते कसे? पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन काढावयाचे असतात, आणि प्रकाशाच्या एका कणाने एकच निघतो. 1969 साली फ्रान्समध्ये पिएर जोलिओ यांनी अंधारात ठेवलेल्या शेवाळावर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले. प्राणवायू भरपूर आला तो तिसऱ्या झोताला, मग सातव्याला, मग अकराव्याला. पुढच्याच वर्षी बेसेल कॉक यांनी उलगडा केला. चार हप्ते भरल्याखेरीज पावती नाही, आणि अंधारातही एक हप्ता जमा असतो. त्या धातुपुंजाची रचना 2011 साली जपानच्या शेन व कामिया यांनी अणू-अणू ओळखून दाखविली.

आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 2014 साली लोखंडाच्या एका संयुगाने, प्रकाशाच्या साहाय्याने, पाण्यातून प्राणवायू काढला. लोखंडाहून स्वस्त धातू बाजारात कोणता?

तरीही खरी अडचण भावाची नाही, टिकण्याची आहे. प्राणवायू घडविणारी वस्तू त्याच कामात करपते. कडक उन्हात पानातले ते प्रथिन, ज्याच्या आधाराने मँगनीज बसते, तासाभराच्या आत निकामी होऊ लागते. पान ते काढून नवे बसविते, दिवसभर. माझ्या मते आकाराची नक्कल पुष्कळ झाली, डागडुजीची थोडी. त्या दिशेने एक पाऊल 2008 साली अमेरिकेत डॅनियल नोसेरा व मॅथ्यू कॅनन यांनी टाकले. त्यांच्या उत्प्रेरकातून विरघळलेला कोबाल्ट, पाण्यात फॉस्फेट असले म्हणजे, पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. कारखान्याला लागतो तेवढा वीजप्रवाह मात्र त्याला पेलत नाही.