पणजोबांची पलटण



सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव.
पहिल्या महायुद्धात इथले ४६ जवान कामी आले.

अशा सैनिकाचा माग काढायचा कसा?
आधी त्याची पलटण शोधावी. नाव नंतर.

कारण नावं फसवतात. इंग्रजी कागदांत एकच सावंत निरनिराळ्या स्पेलिंगनं सापडतो.

पलटणीचा क्रमांकही बदलतो, बरं का!
११० वी मराठा पलटण इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकली.
दाणापाणी संपलं… आणि एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली.
१९२२ साली हीच पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली.
१९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे याच बटालियनचे.

क्रमांक बदलला, तरी पलटण तीच. म्हणून पुन्हा सांगायचं, तर आधी पलटण!

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत पलटण मिळते.
पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावही मिळतं.
पण तिथे फक्त मृतांची नोंद आहे.

जो परत आला, त्याचं काय?
त्याच्या घरातलं पदक पाहावं.
पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर सहसा नाव, हुद्दा आणि पलटण कोरलेली असते.
ते घासूनपुसून लख्ख करायची घाई मात्र नको.
अक्षरं झिजतात.