बिनआईची मांजरपिल्ले कशी जगवावीत?



कणगीची राखण करणारे मांजर आपल्याला हवे असते. पण कडब्याची गंजी उकलताना तिची पिल्ले सापडली, तर लगेच उचलू नका. मांजरी भक्ष्याला गेलेली असते. दोन-तीन तास दुरून लक्ष ठेवा. ती मेली असेल किंवा पिल्ले गार पडली असतील, तर मात्र घरात आणा.

आता घरची माणसे पहिल्यांदा दुधाची वाटी पुढे करतात, आणि तिथेच पिल्लू दगावते. गारठलेल्या पोटात दूध पचत नाही. पौषात आपल्या छत्रपती संभाजीनगरकडे रात्री चांगलाच गारठा असतो, आणि पहिल्या आठवड्यात पिल्लाला लागते सुमारे ३० अंशांची ऊब. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा. अंग हाताला उबदार लागले, की मगच दूध.

गाईचे दूध मांजरीच्या दुधापेक्षा पातळ; त्याने हगवण लागते. शहरातून मांजरपिल्लांची दूधभुकटी आणा. तोवर एखादा दिवस शेळीचे दूध चालेल. बिनसुईच्या सिरिंजने, पिल्लू पालथे धरून, थेंब थेंब पाजा. उताणे पाजले तर दूध फुफ्फुसात जाते. दर दोन-तीन तासांनी पाजायचे, रात्रीसुद्धा! नंतर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा. त्याशिवाय लहान पिल्लाला लघवी होत नाही. आई हे काम जिभेने करते.

रोज साधारण १० ग्रॅम वजन वाढावे. वाढ थांबली, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. चौथ्या आठवड्यापासून बशीत मऊ खाणे द्या.