मानवशास्त्र शिकून काय होणार?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि आज मला मानवशास्त्रावर, म्हणजे अँथ्रोपॉलॉजीवर बोलायला सांगितलंय. कारण एवढंच की नोकरी सांभाळून मी इग्नूमधून या विषयात एम.ए. केलं, आणि माझी धाकटी बहीण आता त्यातच पीएच.डी. करते आहे. घरात विषय दोघांचा, पगार एकाचा. त्यामुळे 'हे शिकून काय होणार?' हा तुमच्या मनातला प्रश्न अब्बूंनी आम्हाला कधीच विचारून झालाय.

तुमच्यापैकी बहुतेकांनी हा शब्द यूपीएससीच्या क्लासमध्ये ऐकला असेल. पर्यायी विषय, ५०० गुण, आटोपशीर अभ्यासक्रम. त्यात वाईट काही नाही. पण परीक्षेपुरतं वाचलं तर या विषयातलं मुख्य काम हातून सुटतं. ते काम म्हणजे माणसांत जाऊन राहायचं, बघायचं, ऐकायचं आणि रोज रात्री लिहून ठेवायचं.

पदवीला हा विषय आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी मिळतो. दिल्ली विद्यापीठात बी.एस्सी. ऑनर्स आहे, पण त्यासाठी बारावीला जीवशास्त्र लागतं. म्हणून आपली बरीच मुलं दुसऱ्या कशात तरी पदवी घेऊन एम.ए.ला इकडे येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.ए. आणि एम.एस्सी. दोन्ही आहे. इग्नूला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. शिकताना कवट्या, हाडं, जनुकं येतात, दगडी हत्यारं येतात, आणि नातेसंबंध, लग्न, धर्म, जात हेही येतं. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे तुम्हाला माहीत असतील. त्यांची बर्लिनची डॉक्टरेट मानवी कवटीवर होती. वंशश्रेष्ठत्व सिद्ध करायला निघालेल्या त्या काळच्या जर्मनीत त्यांनी कवट्या मोजल्या, आणि त्या मोजमापातून श्रेष्ठ-कनिष्ठ असं काही निघालं नाही. पुढे त्या नातेसंबंधांच्या अभ्यासाकडे वळल्या.

नातेसंबंधांचा तक्ता काढणं हा आमचा पहिला गृहपाठ होता. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह. मी दादीजवळ बसलो. इंजिनिअर माणूस, मला वाटलं तासाभराचं काम. तीन संध्याकाळी लागल्या. दादाचं नाव ती घेईना, 'तुझ्या अब्बूचे अब्बा' एवढंच म्हणायची. कुणाच्या निकाहात किती मेहर ठरला, कोणती लेक माघारी आली, कुणी जमीन सोडली, हे सगळं मात्र तिला पाठ. तिच्या तोंडून आलेलं आमच्या घरात कुणीच कधी लिहून ठेवलं नव्हतं.

लिहून ठेवायचं तर नीट जपायलाही हवं. एम. एन. श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या एका गावात राहून केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डच्या एका केंद्रात जळाल्या. कुणीतरी आग लावली होती, आणि तिन्ही प्रती एकाच इमारतीत होत्या! पुढे त्यांनी बरंचसं आठवणीतून पुस्तक लिहिलं. बॅकअप कुठे ठेवावा, हे मी कंपनीतल्या नव्या पोरांना याच गोष्टीवरून सांगतो.

आता आपल्याशी याचा काय संबंध? इंग्रजांच्या काळातलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर उघडा. अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा आपल्या बिरादऱ्यांची वर्णनं त्यात सापडतात. कोण मेहनती, कोण काटकसरी, याचा एका ओळीत निकाल. छप्परबंदांना तर 'गुन्हेगार जमात' म्हणून कायद्यातच टाकलं होतं. लिहिणारे ते, लिहिले गेलेलो आपण.

ही केवळ जुनी गोष्ट नाही. जळगावकडचे तडवी घ्या. धर्माने मुसलमान, कायद्याने अनुसूचित जमात, कारण त्या यादीला धर्माची अट नाही. पण दाखल्याच्या पडताळणीत जुने कागद कमी पडले, तर दक्षता पथक देव कोणते, लग्नाच्या रीती कोणत्या, मयताचे विधी कोणते, असं विचारू शकतं. ही आप्तभाव चाचणी १९९४ च्या माधुरी पाटील खटल्याच्या निकालातून रुळली. पिढ्यान्‌पिढ्या निकाह लावणाऱ्या घराने काय उत्तर द्यायचं? २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी अंतिम कसोटी नाही असं स्पष्ट केलं, ते बरं झालं. तरी रीतिरिवाज तपासणारा संशोधन अधिकारी कुठे शिकला, त्याने कोणाचं वाचलंय, यावर एखाद्या पोराचा मेडिकलचा प्रवेश अडू शकतो. अशा खुर्चीवर आपली मुलं-मुली किती आहेत?

आपल्यावर चांगलं कामही झालंय, तेही वाचा. इम्तियाज अहमद यांनी १९७३ मध्ये भारतीय मुस्लिमांमधल्या जातींवर पुस्तक संपादित केलं. 'आपल्यात जात नाही' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ते देतो. कैरोतल्या मशिदींत धर्म शिकणाऱ्या स्त्रियांवर लिहिणाऱ्या सबा महमूद आधी आर्किटेक्ट होत्या. म्हणजे ट्रॅक बदलणारे आपण पहिले नाही.

पैशाचं स्पष्ट बोलतो. नेट देऊन जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. अल्पसंख्याक संशोधकांसाठी मौलाना आझाद फेलोशिप होती, ती बंद करत असल्याचं केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं. ती गेल्याचा फटका मोठ्या शहरातल्या, शिकलेल्या घरांपेक्षा आपल्यासारख्यांना जास्त बसतो. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये बार्टी-सारथीच्या धर्तीवर 'मार्टी'ला मंजुरी दिली. तिथून अशा विषयांच्या संशोधकांना फेलोशिप मिळावी, यासाठी आपल्या चळवळीने पाठपुरावा करायला हवा. नुसतं इंजिनिअरिंग आणि नर्सिंगवर थांबू नका.

नोकऱ्या? भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण, संग्रहालयं, पुण्याची आदिवासी संशोधन संस्था, सामाजिक संस्था. आणि माझ्या क्षेत्रातही. ल्युसी सुचमन या मानवशास्त्रज्ञ झेरॉक्स कंपनीत होत्या. लोक फोटोकॉपी मशीन प्रत्यक्षात कसं वापरतात, हे त्यांनी बसून पाहिलं. नामवंत संगणकशास्त्रज्ञही त्या मशीनपुढे अडखळले. आज मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या याच कामासाठी माणसं घेतात, पण पदाच्या नावात 'मानवशास्त्र' क्वचितच असतं. जाहिरात नीट वाचावी लागते.

माझी बहीण मंडईतल्या बागवान स्त्रियांवर काम करते आहे. घरच्या धंद्यात त्यांचा वाटा किती, आणि हिशोब कोण ठेवतं. पहाटे चारला जाते. अम्मी आधी पाठवायलाच तयार नव्हती, मग दोनदा स्वतः सोबत गेली. सहा महिने तिला कुणी वही दाखवली नाही. नंतर एका खालांनी दाखवली. नफ्यातून लेकीच्या फीसाठी बाजूला काढलेल्या रकमा त्यात वेगळ्या शाईने लिहिल्या होत्या, आणि नवऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. हे छापायचं की नाही, यावर तिचा आणि मार्गदर्शकांचा अजून वाद चालू आहे.

ती आज मागच्या रांगेत बसली आहे. अभ्यासक्रम आणि प्रवेशाच्या तारखांचे कागद तिच्याकडे आहेत, चहाच्या वेळी मागून घ्या.